पादुकांचे राज्य

गड जिंकल्याची कथा मराठी माणसाला सांगताही येते आणि ऐकताही येते. दोर, घोरपड, अंधारी रात्र, दबक्या आवाजातली इशारत, आणि पहाटे बुरुजावर चढलेले निशाण, एवढे मिळाले की आपले मन तृप्त होते. पण गड घेतल्यावर दुसऱ्या दिवशी कोठीच्या किल्ल्या कोणाकडे राहायच्या, रयतेचा सारा कोणी घ्यायचा आणि शेजारच्या दरबाराला कोणत्या मायन्याचे पत्र धाडायचे, ही कथा आपल्याला फारशी रुचत नाही. तिथे आपले शाहीरही थांबतात आणि श्रोतेही उठतात.

दादरा आणि नगरहवेली या दोन चिमुकल्या मुलखांच्या मुक्तीविषयी व्याख्यानांतून, आठवणींतून आणि मुक्तिदिनाच्या लेखांतून जे सांगितले जाते, त्यात ही आवडनिवड फार स्पष्ट दिसते. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमधले दोन-तीन आठवडे रंगवून सांगितले जातात, आणि त्यांच्या मागोमाग आलेली सात वर्षे एका वाक्यात उरकली जातात. वस्तुतः खरे नाट्य त्या सात वर्षांत आहे. हत्यारबंद स्वयंसेवकांनी परक्या राज्याचा मुलूख घेतला आणि शेजारच्या मोठ्या राज्यापुढे धरले तर चावते, सोडले तर पळते असा पेच उभा राहिला. तो पेच कसा सांभाळला गेला आणि आपल्या सांगण्यातून तो का निसटला, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

नवापुरात बसून हा विचार करण्याला थोडे औचित्य आहे. इथून नैऋत्येला डांग आणि धरमपूरचा डोंगराळ मुलूख ओलांडला की सिल्वासा येते. वाटेवरची झाडे तीच, नागलीची भाकर तीच, आणि पुष्कळ ठिकाणी माणसेही तीच. आपल्याकडे ज्यांना कोकणी म्हणतात त्या आदिवासींचीच वस्ती कोकणा या नावाने नगरहवेलीतही आहे. १९५४ साली नवापूर पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते, आणि नवापूर, सुरत, ठाणे ही सारी गावे-शहरे एकाच मुंबई राज्यात होती. त्या राज्याच्या पोटात, समुद्रकिनारा नसलेले, चहूबाजूंनी वेढलेले सुमारे ४९० चौरस किलोमीटरचे पोर्तुगीज राज्य होते. पुढे १ मे १९६० ला महाराष्ट्र-गुजरातची सीमा आखली गेली आणि ती आपल्या रेल्वे स्टेशनातूनच गेली. आज प्रवासी हसत हसत एका राज्यात तिकीट काढतात आणि दुसऱ्या राज्यात गाडीची वाट पाहतात. पण सीमा म्हणजे नेहमीच असा गमतीचा विषय नसतो.

आता जी कथा आपल्या कानांवर येते ती पाहू. पुण्या-मुंबईची काही तरुण मंडळी एकत्र जमतात. त्यांत राजाभाऊ वाकणकर आहेत, पुढे शिवशाहीर म्हणून घरोघर पोचलेले बाबासाहेब पुरंदरे आहेत आणि संगीतकार सुधीर फडके आहेत. पैसा उभा करायचा म्हणून लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम पुण्यात होतो. ऐन पावसाळ्यात ही मंडळी निघतात, आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा त्यांच्या हाती येते. आझाद गोमंतक दलाचे कार्यकर्ते आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक या कामात खांद्याला खांदा लावून होते.

या कथेत रस आहे हे कोण नाकारील? भावगीतांना चाली लावणारा माणूस चिखल तुडवीत परक्या पोलिसांच्या ठाण्यावर चालून जातो, यातला विलक्षणपणा कोणालाही भुरळ घालील. आणि ती मंडळी खरोखरच जिवावर उदार होऊन गेली होती. त्यांच्या धाडसाला कमी लेखण्याचे पाप कोणी करू नये.

परंतु कथा म्हणून तिच्यात उणिवा आहेत. पहिली अशी की ती एकाच तुकडीची कथा होऊन बसते. दादरा पडला तो २१-२२ जुलैच्या रात्री, म्हणजे सिल्वासाच्या आधी दहा-अकरा दिवस. आणि तो घेतला फ्रान्सिस मस्कारेन्हस यांच्या नेतृत्वाखालच्या युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स या गटाने. त्यानंतर जुलै संपण्याआधी नरोली गेले. कम्युनिस्टांशी जोडलेली गोवन पीपल्स पार्टीही याच सुमारास या भागात उतरली होती. म्हणजे विचारांनी एकमेकांपासून पुष्कळ दूर असलेले तीन-चार गट एकाच पावसात एकाच मुलखात शिरले होते. प्रत्येकाच्या सांगण्यात बाकीचे अंधुक होतात. चांगल्या कादंबरीकाराला ज्या सामग्रीचा लोभ वाटावा, ती आपण श्रेयाच्या वाटणीत घालवली.

दुसरी उणीव अधिक नाजूक आहे. दादऱ्याच्या चौकीवर पोलीस उपनिरीक्षक अनिसेतो रोझारियो मारले गेले. पोर्तुगालने त्यांची स्मृती वीर म्हणून जपली, आणि आपल्या सांगण्यात बहुधा त्यांचे नावही येत नाही. शत्रूच्या बाजूला पडलेल्या माणसाचे नाव घेतल्याने आपला पक्ष दुबळा होतो अशी समजूत त्यामागे असावी. अफझलखानाची कबर प्रतापगडाच्या पायथ्याशी आहे, हे ज्या मुलखाला ठाऊक आहे तिथे ही समजूत शोभत नाही.

तिसरी उणीव मात्र सर्वांत मोठी. निशाण चढले की कथा संपते. आणि इथेच आपण मूळ प्रश्नाशी येतो.

३ ऑगस्टची सकाळ दिल्लीला कशी दिसली असेल? तीनच महिन्यांपूर्वी, एप्रिल १९५४ मध्ये, चीनशी करार करताना पंचशील जगापुढे ठेवले होते. जगातले तंटे चर्चेने सोडवावेत, असे नेहरू जगाला सांगत होते. अशा वेळी हा मुलूख भारताने तत्काळ आपल्यात घेतला असता, तर पोर्तुगालने आक्रमण म्हणून ओरड केली असती आणि तिला पुष्कळ ठिकाणी कान मिळाले असते. पोर्तुगाल ‘नाटो’ या लष्करी गटाचा सभासद होता. उलट, पोर्तुगीज फौजेला दमणहून सिल्वासाला जाण्यासाठी भारताच्या भूमीतून वाट दिली असती, तर मुक्त झालेल्या माणसांना आपल्याच हातांनी पुन्हा बेड्या घातल्यासारखे झाले असते. आणि हात बांधून काहीच केले नसते, तर आपल्या दारात कोणाचेच नाही असे राज्य राहिले असते.

त्याच वर्षी दुसऱ्या एका परक्या सत्तेशी आपला असाच प्रसंग आला होता. जून १९५४ मध्ये यानम ही फ्रेंच वसाहत तिथल्या कार्यकर्त्यांनी ताब्यात घेतली. फ्रान्सने चर्चा केली, करार झाला, आणि १ नोव्हेंबरला पाँडिचेरीसह चारही वसाहती भारताच्या हाती आल्या. समोरचा बोलायला तयार असला म्हणजे पेच किती लवकर सुटतो, याचे हे उदाहरण. लिस्बनमध्ये सालाझार होते, आणि त्यांच्या लेखी गोवा ही वसाहत नव्हतीच, तो पोर्तुगालचाच एक प्रांत होता. मग बोलणी कशाविषयी करायची?

दिल्लीने तिन्ही वाटा सोडून चौथी पत्करली. पोर्तुगीज अधिकाऱ्यांना आणि सैन्याला वाट नाकारली, आणि मुलूख आपल्यात घेतलाही नाही. सिल्वासाहून मागे हटलेले प्रशासक कॅप्टन फिदाल्गो आपल्या पोलिसांसह ११ ऑगस्ट १९५४ रोजी उडव्याजवळ भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाले, आणि पोर्तुगीज सत्ता तिथे संपली. आप्पासाहेब करमळकर प्रशासक झाले, गावोगावच्या लोकांची वरिष्ठ पंचायत उभी राहिली, आणि जगाच्या नकाशावर ज्याला नाव नाही असे एक राज्य चालू लागले. ते चालले सात वर्षे.

सुधीर फडके सिल्वासाहून परतले त्याला पुरते आठ महिनेही झाले नव्हते, तेव्हा १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचा पहिला भाग लागला. हा योगायोग मनात घर करून राहतो. कारण सिल्वासात त्या वेळी जे चालले होते त्याला रामकथेतच उपमा सापडते. भरताने राज्य नाकारले नाही आणि घेतलेही नाही. सिंहासनावर पादुका ठेवून तो नंदिग्रामी राहिला आणि चौदा वर्षे कारभार चालवला. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याने ती आपली म्हणू नये, आणि म्हणत नाही म्हणून ती टाकूनही देऊ नये, हे फार अवघड व्रत आहे. आपल्या कथेकऱ्यांनी सिल्वासाची लंका तेवढी सांगितली. नंदिग्राम सांगायचे राहून गेले.

आणि या नंदिग्रामावर सावट होते ते हेगच्या न्यायालयाचे. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ ला संयुक्त राष्ट्रांचा सभासद झाला आणि २२ डिसेंबरला त्याने भारतावर फिर्याद दाखल केली. मागणी एवढीच, की दमणहून या मुलखात जाण्याची वाट हा आमचा हक्क आहे. दिसायला वाट, पण तिच्यातून फौज जाणार होती, आणि फौज गेली म्हणजे १९५४ पुसले जाणार होते. भारतातर्फे महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड उभे राहिले. न्यायासनावर भारताने नेमलेले न्यायाधीश होते मोहमद करीम छगला. निकाल लागला १२ एप्रिल १९६० रोजी.

ते निकालपत्र मराठीच्या अभ्यासकाने एकदा तरी वाचावे. रुक्ष कायद्याच्या त्या पानांत एका मराठी शब्दावर मोठा खल झालेला आहे. पोर्तुगालचे म्हणणे असे की १७७९ च्या पुण्याच्या तहाने आणि त्यानंतर १७८३ व १७८५ साली दिलेल्या सनदांनी पेशव्यांनी ही गावे त्यांना पूर्ण मालकीने दिली. न्यायालयाने तहाचे आणि सनदांचे निरनिराळे पाठ तपासले आणि सांगितले की हा होता सरंजाम, सालीना १२,००० रुपये उत्पन्नाचा. म्हणजे वसुलाचा हक्क दिला. भूमीचे स्वामित्व दिले नाही. अशा दानाचा अर्थ मुलूख तोडून देणे असा कधी कोठे लावला गेल्याचे एकही उदाहरण पुढे आलेले नाही, असेही न्यायाधीशांनी नोंदवले. नाना फडणिसांच्या काळातला कारकून कोणता शब्द का वापरत होता, यावर जगातल्या सर्वोच्च न्यायासनाने विचार करावा, हा आपल्या दप्तराचा केवढा मान!

पण निकालपत्र इथे थांबत नाही, आणि त्याचा खरा कस पुढेच आहे. सरंजाम म्हणून दिलेली गावे पोर्तुगीजांनी आपली म्हणून चालवली. १८१८ नंतर पेशव्यांच्या जागी आलेल्या इंग्रजांनी ते निमूट मान्य केले, आणि स्वतंत्र भारतानेही आधी त्यास हरकत घेतली नाही. सवा शतकाच्या या वहिवाटीमुळे सामान्य माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क उत्पन्न झाला, असे न्यायालयाने अकरा विरुद्ध चार मतांनी ठरवले. फौज आणि हत्यारे यांची गोष्ट वेगळी. ती नेहमी परवानगी मागूनच जात होती, म्हणून तिला हक्क नाही. हे ठरले आठ विरुद्ध सात मतांनी. एक मत इकडचे तिकडे झाले असते तर काय झाले असते याचा विचार करून पाहावा. शेवटी, दादऱ्यात सत्ता उलथल्यामुळे आजूबाजूच्या भारतीय मुलखात जो तणाव निर्माण झाला, त्या स्थितीत भारताने वाट रोखली यात कर्तव्यभंग नाही, असे नऊ विरुद्ध सहा मतांनी सांगितले गेले.

साहित्यकृती म्हणून पाहिले तर या निकालात एक गुण आहे जो आपल्या मुक्तिकथेत नाही. तो दोन्ही पक्षांना त्यांच्या त्यांच्या ठिकाणी खरे ठरवतो. शब्दाचा अर्थ आपल्या बाजूचा, वहिवाट त्यांच्या बाजूची, आणि प्रसंगाची निकड पुन्हा आपल्या बाजूची. इतका गुंतागुंतीचा न्याय पचवण्याची सवय आपल्या वाङ्मयाला लागायला हवी.

निकालानंतर वर्षभराने, जून १९६१ मध्ये, वरिष्ठ पंचायतीने विलीनीकरणाचा ठराव केला. मग प्रश्न आला की करारावर त्या बाजूने सही कोणी करायची. के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरते त्या मुलखाचे पंतप्रधान केले गेले, आणि त्यांनी नेहरूंबरोबर सही केली. ११ ऑगस्ट १९६१ रोजी, फिदाल्गो शरण आल्याच्या बरोबर सातव्या वर्षी त्याच तारखेला, राज्यघटनेच्या दहाव्या दुरुस्तीने दादरा-नगरहवेली भारतात आली. पोर्तुगालने हे मान्य केले ते सालाझारशाही कोसळल्यावर, १९७४ च्या अखेरीस. एका दिवसाच्या पंतप्रधानाची गोष्ट ऐकून हसू येते. पण दोन सह्यांचा आग्रह धरणाऱ्या त्या सोपस्कारात सात वर्षांच्या संयमाचे सार आहे.

तथापि पादुकांची उपमा एका ठिकाणी लंगडी पडते. भरताला ठाऊक होते की सिंहासन कोणाचे. इथे ते कोणाचे होते? १९६१ च्या जनगणनेत या मुलखात सुमारे ५८ हजार माणसे होती आणि त्यांतली बहुसंख्य वारली, धोडिया, कोकणा. खरे धनी तेच. मुक्तीच्या आपल्या कथेत ते वाट दाखवणारे, ओझे उचलणारे, फार तर टाळ्या वाजवणारे म्हणून येतात. त्यांच्या तोंडी एखादे वाक्य आले तर नवल.

शेजारच्याच डहाणू-उंबरगाव भागातल्या वारल्यांवर गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक लिहिले. ते १९७० साली प्रसिद्ध झाले. तिथे वारली कथेच्या मध्यभागी आहे. वेठ म्हणजे काय, सावकाराचे देणे म्हणजे काय, भीती मोडते म्हणजे नेमके काय होते, हे सारे त्याच्या अंगणातून दिसते. परुळेकरांची राजकीय मते ज्यांना मान्य नाहीत त्यांनाही ही दृष्टी मान्य करावी लागेल. दादरा-नगरहवेलीच्या वाट्याला असे पुस्तक आले नाही. तिथल्या माणसाचा प्रश्न निशाणाबरोबर सुटलाही नव्हता. पोर्तुगीज अमदानीत ‘अलवारा’ नावाच्या सनदांनी दिलेल्या जमिनींचे भांडण पुढे कोर्टात गेले. १९७४ मध्ये कलेक्टरने रद्द केलेल्या सनदांवर सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले ते २०२५ साली. एका सनदेचा वाद हेगला चार-पाच वर्षांत मिटला, आणि दुसऱ्या सनदांचा वाद घरच्या घरी पन्नास वर्षे चालला.

हे सारे जुने उगाळण्याचे कारण एवढेच की तो पेच जुना झालेला नाही. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानने काबूल घेतले आणि दिल्लीपुढे पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला. दोन्हींची तुलना माणसांच्या बाबतीत करू नये. सिल्वासाला गेलेले स्वयंसेवक परक्या सत्तेतून लोकांना सोडवायला गेले होते, आणि तालिबानने तर आपल्याच मुलींच्या शाळा बंद केल्या. साम्य आहे ते शेजाऱ्याच्या अडचणीत. मान्यता द्यावी तर मनाला पटत नाही. पाठ फिरवावी तर दुसरेच कोणी तिथे जाऊन बसते, आणि भुकेल्या माणसांना गहू पोचत नाही. भारताने काबूलचा दूतावास रिकामा केला, जून २०२२ मध्ये एक छोटे पथक परत पाठवले, गहू आणि औषधे पाठवली, बोलणी चालू ठेवली. जुलै २०२५ मध्ये रशियाने तालिबानला उघड मान्यता दिली. भारताने ती न देताच ऑक्टोबर २०२५ मध्ये काबूलला पुन्हा दूतावास केला. दिवाळीच्या फोडणीतला हिंग आणि तबकातले अंजीर ज्या मुलखातून येतात, त्याच्याशी नाते तोडणे सोपे नाही, हे गृहिणीलाही कळते.

पण त्याच ऑक्टोबरात अफगाण मंत्री मुत्ताकी दिल्लीत आले असता त्यांच्या पहिल्या वार्ताहर बैठकीला स्त्री-पत्रकारांना प्रवेश मिळाला नाही. देशात गदारोळ झाला आणि दोन दिवसांनी दुसरी बैठक घ्यावी लागली. तिला स्त्रिया आल्या आणि त्यांनी पुढच्या रांगेत बसून प्रश्न विचारले. परराष्ट्रनीतीच्या मोठमोठ्या ग्रंथांपेक्षा या लहानशा प्रसंगात अधिक अर्थ आहे. सत्ताधाऱ्याशी बोलणे भाग असते, परंतु ज्यांच्या नावाने ती सत्ता चालते ती माणसे खोलीत आहेत की दाराबाहेर, हे विचारण्याचा अधिकार बोलणाऱ्याने सोडायचा नसतो. सिल्वासाच्या सात वर्षांत वरिष्ठ पंचायत उभी राहिली म्हणून शेवटची सही लाजिरवाणी झाली नाही. काबूलमध्ये अशी पंचायत नाही, आणि तिथे संयमाची किंमत शाळेबाहेर बसलेल्या मुली देत आहेत.

तेव्हा मराठी लेखकांकडे मागणे एवढेच आहे. २ ऑगस्टची रात्र त्यांनी पुष्कळ सांगितली, आणखीही सांगावी. पण कोणी तरी ३ ऑगस्टपासून आरंभ करावा. करमळकरांच्या कचेरीत पहिल्या दिवशी कोणती तक्रार आली, पंचायतीत वारली माणूस पहिल्यांदा बोलायला उभा राहिला तेव्हा काय म्हणाला, हेगचा निकाल कळेपर्यंत त्या मुलखातल्या शेतकऱ्याने भात कोणाच्या भरवशावर पेरले, रोझारियोंच्या घरी बातमी कशी पोचली, याचा शोध घ्यावा. ज्यांनी ते दिवस पाहिले ती माणसे आता फार थोडी उरली असतील, आणि त्यांतली काही आपल्याच डोंगरांच्या पलीकडे राहतात. दिवाळीच्या सुट्टीत नवापूरहून निघालेल्या एखाद्या होतकरू तरुणाने वही घेऊन तिकडे जावे. धडगत असेल तर पुढच्या एखाद्या दिवाळी अंकात आपल्याला नंदिग्रामही वाचायला मिळेल.